काकूंच्या स्वयंपाकघरावरची भिंत

पिंटरेस्टवर ‘स्लोपिंग गार्डन’ टाइप करून बघा. एकाहून एक सॉलिड फोटो! उतारावरची लॉन्स, सुबक भिंती, भिंतीवर दिव्यांच्या माळा. मी असे कितीतरी स्क्रीनशॉट्स काढून फॅमिली ग्रुपवर टाकले. रिप्लाय एकच, पप्पांचा. अंगठा.

घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणाच्या रस्त्याला आमचं घर आहे. रिटायर झाल्यावर आई-पप्पा पुण्याहून तिकडे शिफ्ट झाले. घर सपाटीवर, पण मागचा दीड-दोन गुंठ्यांचा तुकडा पार घसरगुंडीसारखा. आईला तिथे जास्वंद, सोनचाफा लावायचा होता आणि मला हवं होतं लॉन. वीकेण्डला पुण्याहून मित्रमंडळी न्यायची, चटया टाकायच्या, चांदण्या बघायच्या. सिंपल फण्डा!

कॉण्ट्रॅक्टरने अर्ध्या तासात सोल्युशन दिलं. खालच्या कडेला सहा फुटांची सरळ उभी भिंत, सिमेंटच्या ब्लॉक्सची. आत मातीची भर, वर लॉन. बाहेरून प्लॅस्टर आणि तुम्ही म्हणाल तो रंग. आठवड्यात काम फिनिश. मी जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं.

भिंतीच्या खाली काय आहे, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. खाली काकूंचं स्वयंपाकघर आहे, पाच-सात पावलांवर.

‘‘भिंत घाल गं बाई,’’ काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या, ‘‘पण तुझ्या लॉनमधलं पाणी जाणार कुठं, ते आधी सांग.’’

आमच्या तालुक्यात हा प्रश्न कोणी गंमत म्हणून विचारत नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर आला. 151 माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे आधी लक्षात आलं ते तिथून जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या. तेव्हा मी कॉलेजात होते. पुण्यात टीव्हीसमोर बसून पप्पा एकामागून एक फोन लावत होते, ते अजून आठवतं. डोंगरउतारावर मशीन लावून केलेल्या सपाटीकरणाचा यात किती हात होता, यावर नंतर भरपूर वाद झाले. मुसळधार पावसाबद्दल मात्र कुणाचं दुमत नव्हतं. नवं माळीण 2017 मध्ये उभं राहिलं आणि त्याच जूनच्या पावसात तिथले रस्ते खचले, भराव वाहून गेले. भर टाकलेली माती पहिल्या पावसात काय करते, हे काकूंना शिकवायला इंजिनिअर लागत नाही.

मला मात्र लागला. माझा एक मित्र स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. त्याला फोटो पाठवले, तर त्याचा थेट फोनच आला. म्हणाला, ‘‘वेडी आहेस का? उंची दुप्पट केलीस की मातीचा रेटा चौपट होतो. त्यात पाणी तुंबलं की विषयच संपला.’’ मग त्याने 2019 च्या जूनमधल्या कोंढव्याची आठवण करून दिली. सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जण गेले. तीही पावसातच.

मग शोध सुरू झाला. आरसीसी भिंत? पक्की, पण डिझाइन, सळ्या आणि मागची ड्रेनेजची सोय धरली तर बजेटच्या बाहेर. गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरलेले मोठे खोके? पाणी आरपार जातं, दिसायलाही सही, पण साधारण मीटरभर जाडीत बागेतली जागा खातात. शिवाय आईचं म्हणणं, त्यात साप राहतील.

‘‘तालीत काय पाहुणे राहतात?’’ पप्पा.

ताल हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. पप्पा एका रविवारी मला जुन्नरच्या पश्चिमेला, आपटाळ्याच्या पुढे घेऊन गेले. उतारावर भातखाचरं, प्रत्येक खाचराच्या तोंडाला काळ्या दगडाची बिनसिमेंटची ताल. एकमेकांच्या रानात पाळीपाळीने राबून खाचरं करायची, त्याला इकडे पडकई म्हणतात. एकही ताल उभी सरळ नव्हती. सगळ्या डोंगराच्या अंगाला रेललेल्या.

तिथलेच एक मिस्त्री भेटले. ‘‘ताई, भितीमागं पानी कोंडलं की भितीला पोट सुटतं,’’ ते म्हणाले. ‘‘दगडाला फटी हायेत, म्हणून ती ऱ्हाते.’’

शेवटी ठरलं ते असं. सहा फुटांच्या एका भिंतीऐवजी तीन-तीन फुटांच्या दोन ताली, मध्ये आठ फुटांची पायरी. अंतर मुद्दाम ठेवलं, नाहीतर वरच्या तालीचा भार खालचीवर येतो. पाया मुरूम लागेपर्यंत खणला. तळाशी दोन फूट जाडी, लांबट दगडांची तोंडं आत, मागे मातीआधी दगडगोट्यांचा थर. आणि सगळ्यात वर एक चर, डोंगराचं पाणी काकूंच्या घराला वळसा घालून ओढ्यात सोडणारा. या चरावर मिस्त्रींनी दोन दिवस घालवले. मी मनात म्हणत होते, खड्डा खणायला दोन दिवस? लेव्हल ट्यूबने उतार मोजताना त्यांना बघितलं आणि गप्प बसले.

खर्च कॉण्ट्रॅक्टरच्या आकड्यापेक्षा जास्तच झाला. लॉनचं म्हणाल, तर आठ फुटांच्या पट्टीत जेवढं मावेल तेवढंच. बाकी आईचा सोनचाफा आणि कडेने वाळा. त्याची मुळं खोल जातात, माती धरतात. माझे पिंटरेस्ट-फ्रेण्ड्स फोटो बघून ‘रस्टिक’ म्हणाले. बरं.

जुलैत तीन दिवस सलग कोसळला. तिसऱ्या रात्री झोप लागेना, म्हणून छत्री घेऊन मागे गेले. खाली एक बॅटरी हलत होती. काकू, डोक्यावर इरलं, खालच्या तालीसमोर उभ्या. दगडांच्या फटींतून पाण्याच्या बारीक धारा सुटल्या होत्या.

‘‘गढूळ नाहीये,’’ त्या ओरडून म्हणाल्या. ‘‘माती येत नाही. झोप जा.’’

त्या मात्र तिथेच उभ्या होत्या.