घसारा न मानणारी गाडी

कॉमर्स शिकलेल्या माणसाची एका गोष्टीवर अढळ श्रद्धा असते, ती म्हणजे घसारा. देव आहे की नाही यावर आमच्यात दोन तट पडतील. पण मोटार शोरूममधून बाहेर पडली की तिची किंमत उतरते, याबद्दल एकमत! या श्रद्धेला सुरुंग लावणारी एक अमेरिकन बाई आहे. नाव शेवरोले बेल एअर, जन्मसाल १९५७. पाठीमागे दोन पंख, पुढच्या जाळीला सोनेरी झिलई आणि अंगावर क्रोम एवढं, की मालकानं त्यात बघून दाढी करावी.

हा थाट बघून बाई बड्या घरची वाटते. घर बडंच, जनरल मोटर्सचं; पण त्या घरातली थोरली कॅडिलॅक. शेवरोले ही मध्यमवर्गाच्या खिशाकडे बघून जन्माला घातलेली. उघड्या टपाच्या बेल एअरचीही तेव्हाची किंमत अडीच हजार डॉलरच्या आसपास. म्हणजे पगारदारानं हप्त्यावर घ्यावी आणि रविवारी कॅडिलॅकच्या शेजारी ताठ मानेनं उभी करावी, अशी.

बरं, ती धड नवीही नव्हती. १९५७ साठी नवी बॉडी यायची होती, ती वेळेवर तयार झाली नाही. मग १९५५ च्याच बॉडीला नवं नाक आणि नवे पंख लावले. जुन्या साडीला नवे काठ लावून लग्नाला जातात ना, तसंच! त्या मॉडेल-वर्षी उत्पादनात फोर्डनं शेवरोलेवर मातही केली. पुढं जिची वाट पाहिली ती नवी बॉडी १९५८ मध्ये आली आणि वर्षभरातच मोडीत निघाली. जुनी साडी मात्र अजून मिरवते आहे.

खोडकरही आहे हो. पेट्रोल भरायचं तोंड डाव्या पंखाच्या क्रोमपट्टीमागे लपवलंय. पंपावरच्या नवख्या पोऱ्यानं आधी प्रदक्षिणा घालायची, मग पेट्रोल.

पण नुसत्या रूपावर संसार टिकत नाही. ही टिकली ती दुरुस्त होते म्हणून. तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचं घराणं १९५५ मध्ये सुरू झालं आणि पुढं कित्येक दशकं चाललं. सुटे भाग मिळत राहिले. आज तर तिची अख्खी बॉडीसुद्धा नव्यानं बनवून विकतात. आता इंजिन नवं, पत्रा नवा, गाद्या नव्या; मग त्यात १९५७ चं काय, असं तुम्ही विचाराल. कागद! बँकेतल्या माणसाला हे लगेच पटतं. खातेदार कितीही बदलला तरी सही जुळली की खातं त्याचंच.

महागाई धरली तर ते अडीच हजार आज अठ्ठावीस हजारांच्या घरात जातात, आणि नीट राखलेली उघड्या टपाची बेल एअर त्याच्याही कितीतरी वर विकली जाते. म्हणून अमेरिकेत बरेच जण तिला गॅरेजमध्ये चादर पांघरून ठेवतात. ही झाली मुदत ठेव.

हवानात तिच्याच भावंडांचं चालू खातं आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबाचं अमेरिकेशी बिनसलं, १९६२ मध्ये व्यापार जवळजवळ पुरता थांबला आणि सुटे भाग येईनासे झाले. तिथल्या मेकॅनिकांनी कुणाला डिझेलचं इंजिन बसवलं, कुणाला रशियन गाडीचे भाग जोडले आणि टॅक्सी म्हणून रस्त्यावर काढलं. कौतुक नव्हे, गरज.

भाबडेपणा मात्र नको. २००९ साली अमेरिकेत १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर आदळवून पाहिल्या. जुन्या गाडीतला पुतळा वाचण्याजोगा राहिला नाही. क्रोम चेहरा दाखवतं, जीव वाचवत नाही.

तरीही मला विचाराल तर माझं मत चालू खात्याला. चादरीखालची गाडी किंमत राखते, कबूल. पण पगारदाराला थोडी ऐट करता यावी म्हणून जी जन्मली, तिनं पगारदाराच्याच हातात, धूर सोडत का होईना, चार घरच्या पोटाची सोय करावी, हे जास्त शोभतं. तिथं हिशेब रोजचा रोज लागतो.