कापरा सूर

लेकीच्या गिटारसाठी डिले मीच घरी जुळवला. आत पीटी 2399 नावाचा सोळा पायांचा आयसी. स्वस्त कराओके यंत्रांच्या एकोत सापडणारा. सूर घ्यायचा, क्षणभर धरून ठेवायचा आणि मागाहून सोडायचा, एवढंच त्याचं काम. सहाव्या पायापासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर वाढवला की उशीर वाढतो. साधारण 27 हजार ओहमला एक तृतीयांश सेकंद.

पण प्रतिध्वनी कसा, तर पढवलेल्या पोपटासारखा. आईचं मत याहून तिखट. ‘नुसतं वेडावून दाखवतंय ते,’ म्हणाली. एकेकाळी तिच्या भजनाला अख्खी गल्ली जमायची. ऐंशीनंतर गळा कापू लागला, तसं तिनं चारचौघांत गाणं सोडलं.

लेकीला सूर झुलता हवा होता. यातली मौज अशी, की सूर हलवायला सुराला हात लावायचाच नाही. हलवायचा तो उशीर. उशीर वाढत असेतो सूर उतरतो, घटत असेतो चढतो. शिट्टी देत फलाटावरून निघून जाणाऱ्या गाडीचंच गणित हे. उशीर सेकंदाला 10 मिलिसेकंदांनी वाढला, तर सूर एक टक्का उतरतो. शुद्ध गंधारावरून कोमल गंधारावर यायला सहा टक्के पुरतात. लहर त्रिकोणी दिली तर सूर दोन पायऱ्यांवर नुसत्या उड्या मारतो. म्हणून मी एका ट्रान्झिस्टरचा, गोलसर लहर देणारा ऑसिलेटर केला आणि रेझिस्टरमधून ती लहर त्याच सहाव्या पायाला पोचवली.

पहिल्यांदा मुद्दाम 1 लाख ओहम लावून पाहिले. सूर झिंगल्यासारखा लडबडला! लेकीचा कानडी मित्र तबला बाजूला सारून ओरडला, ‘स्वल्प, अंकल, स्वल्प!’ त्या शब्दाला आमच्या बेळगावात दुभाषी लागत नाही. मग 10 लाख ओहम. वेग, सेकंदाला एक हेलकावा. आता प्रत्येक प्रतिध्वनी किंचित वेगळ्या जागी येऊन टेकू लागला.

आईनं माळ थांबवली.

‘ह्याचाबी गळा कापतोय की रे.’

‘मुद्दाम कापवलाय, आजी,’ लेक म्हणाली. ‘बाबांचे दोन दिवस गेले त्यात.’

‘मुद्दाम?’ आई बराच वेळ त्या डबीकडे पाहत राहिली. मग पदर सावरून म्हणाली, ‘काळी तीनमध्ये लागतं का हे तुझं?’