रविवारचा वर्ग

वैभववाडी

चि. बाबूस,


  तुझा फोन आल्यापासून डोक्यात एकच विषय आहे. जर्मनीतल्या उन्हाळी महोत्सवांत तुझ्या मल्लखांबाला मागणी आहे, पैसेही बरे मिळतात; पण तिथे तू घेतोस त्या रविवारच्या वर्गाला मोजकी माणसं येतात. वर्ग बंद करू का, असं विचारलंस. बाबू, वर्ग बंद करू नकोस.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. त्या काळी एवढ्या लांब जाऊन परक्यांपुढे आपला खेळ मांडायचा, याला छाती लागते. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण प्रात्यक्षिक बघून माणूस टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. खेळ रुजायचा तर तिथल्याच कुणाच्या तरी मांड्या खांबावर सोलवटून निघाव्या लागतात.

दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे सरांनी ते करून दाखवलं. देशोदेशी शिबिरं घेतली, तिकडून आलेल्यांना शिवाजी पार्कवर शिकवलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा तिथेच झाली, तेव्हा १५ देशांचे खेळाडू उतरले. २०२४ ची पद्मश्री त्यांना मिळाली. मला मात्र त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच वाटतं. त्यांनी दादरच्या शाळेतल्या अंध मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला. जिला दोरच दिसत नाही, तिला ‘माझ्याकडे बघ’ म्हणून कसं चालेल? पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये दोर नेमका कुठे धरायचा, हे तिचा पाय हातात घेऊनच सांगावं लागतं.

तुझं जर्मन अडखळतं म्हणून तू वर्गात संकोचतोस. संकोचू नकोस. नवशिका पहिल्यांदा अढी घालतो ती वेळ आठव. डोकं खाली, मांड्यांत एरंडेल लावलेला खांब, आणि आता हात सोडायचे. चेहरा पांढरा पडतो. त्याच वेळी वस्तादाचा तळहात मानेखाली आला की हात आपोआप सुटतात. तिथे कुठल्या भाषेत बोलणार?

बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे, पण त्यांची मल्लखांबाची विद्या काशीच्या आखाड्यातही गेली. त्या काळी काशी म्हणजे परमुलूखच. तिथे शिष्य तयार झाले म्हणून ती तिथे टिकली.

तुझ्या वर्गातली ती शाळेत शिकवणारी मुलगी चिकाटीची आहे म्हणालास. तिला आता नुसते ताजवे आणि दसरंग हे प्रकार शिकवत बसू नकोस. नवखा अढीला लागला की त्याच्या मानेखाली तिला हात धरायला लाव, आणि तू एक पाऊल मागे उभा राहा. चुकेल, ओरडू नकोस. उद्या तू नोकरीपायी गाव बदललंस, आजारी पडलास, तरी रविवारी दार उघडणारं कुणी पाहिजे. महोत्सव घे, घरभाडं द्यायला पैसा लागतोच. मात्र रविवार कुणाला विकू नकोस.

डिसेंबरात येशील तेव्हा तिची तयारी असेल तर तिलाही घेऊन ये. आधी थोडे दिवस दादरला काढा. लहान मुलं खांबावर कशी चढतात, मोठी मुलं त्यांना कशी सांभाळतात, ते तिला बघू दे. मग कोकण रेल्वेने इकडे उतरा.

इथल्या खांबाला बुडाशी वाळवी लागली आहे. सागाचा सोट बघून ठेवला आहे. गणपतीनंतर हात घालतो असं सुतार म्हणाला. बोंड आणि मान तासायची मापं त्याला हवी आहेत. तुझ्याकडे स्पर्धेची मापं असतील, ती गणपतीआधी पाठव.

तुझा,
काका