वाळवंटातला हरभरा

"साहेब, पाऊसच नाही तर पिकायचं काय?" हा प्रश्न तीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या बांधांवर ऐकला आहे की उत्तर देण्याआधी आता मी पाणी मागून घेतो. प्रश्न खोटा नसतो. आमच्या दुष्काळी तालुक्यात वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, आणि तोही त्याच्या लहरीने. परंतु याच्या निम्म्याहून कमी पावसात गहू-हरभरा काढणारे शेतकरी आपल्याच देशात आहेत, हे मी वाचले होते आणि सभांमधून सांगितलेही होते. ऐकणारे मान डोलवीत. 'साहेबांनी कुठेतरी वाचलेलं दिसतंय' असा भाव चेहऱ्यावर. तो बरोबरच होता. म्हणून जानेवारीत रजा काढली आणि कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याला बरोबर घेऊन जैसलमेर गाठले.

पुतण्या गडकिल्ल्यांवर भटकणारा. "काका, सुटकेस नको, पाठीवरची सॅक घ्या. हात मोकळे राहतात," असे म्हणून त्याने मलाही एक सॅक बांधून दिली. तीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दोन घोंगड्या आणि माझे खुरपे. खुरपे पाहून तो हसला, पण पुढे सगळ्यांत जास्त कामाला आले ते तेच.

जोधपूरहून रात्रीच्या गाडीने निघालो. उजाडले तेव्हा खिडकीबाहेर खडी, काटेरी झुडपे आणि मध्येच एखादे छत्रीसारखे झाड. ते झाड म्हणजे खेजडी, आपली शमी, काही भागांत सौंदड म्हणतात ती. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो आणि एरवी विसरतो. तिकडे ती गुराढोरांची आई आहे. पाला शेळ्या-उंटांना, कोवळ्या शेंगांची सांगरीची भाजी, आणि तिच्या सावलीत बाजरी मरत नाही, उलट जोर धरते. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसे ही झाडे तोडायला आली, तेव्हा बिष्णोई समाजाच्या ३६३ स्त्रीपुरुषांनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले. झाडाची किंमत त्या मुलखात अशी आहे.

जैसलमेर ११५६ साली रावळ जैसलने वसवले. टेकडीवर पिवळ्या दगडाचा किल्ला, आणि किल्ल्यात आजही माणसे राहतात, चुली पेटतात, पोरे शाळेत जातात. कारागिरीविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत; मी पाण्याचे तेवढे सांगतो. पूर्वी किल्ल्यावर पाणी डोक्यावरून चढे, म्हणून ते जपून वापरले जाई. नंतर नळ आले. वापर वाढला, सांडपाणी मुरू लागले आणि टेकडीची माती भिजून काही बुरूज-भिंती ढासळल्या. वाळवंटातला किल्ला पाण्यामुळे खचावा, याला काय म्हणावे! गावाखाली गडीसर तलाव आहे, चौदाव्या शतकात महारावळ गडसींनी बांधून काढलेला. नळ येईपर्यंत शेकडो वर्षे अख्खे गाव त्याच्यावर जगले. गावात नदी नाही. तलाव भरतो तो आजूबाजूच्या उघड्या माळावरून वाहून येणाऱ्या पावसावर. त्या माळाला तिकडे 'आगोर' म्हणतात. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

गावापासून १७ किलोमीटरवर आकल येथे दगड झालेली झाडे पाहिली. लोखंडी पिंजऱ्याखाली ओंडके पडले आहेत; हात लावला तर गार दगड, पण ठेवण अगदी लाकडाची. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी येथे ओले, उष्ण जंगल होते. झाडे वाळूत गाडली गेली, लाकडाच्या जागी कणाकणाने गारगोटीचा अंश बसला. पुतण्या फोटो काढत होता, मी खडक पाहत होतो. त्या काळच्या वालुकाश्माला लाठी खडक म्हणतात, आणि जिल्ह्यातले बरेचसे भूजल त्याच खडकात आहे. तेही हजारो वर्षांपूर्वी मुरलेले. आज नळकूप घेऊन लोक ते उपसतात. आजच्या पावसाने त्याची भर होते ती नावापुरती.

सम येथील वाळूच्या टेकड्या पश्चिमेला ४० किलोमीटरवर. तेथे तंबू, उंट, गाणीबजावणी आणि रिकाम्या बाटल्या यांची इतकी गर्दी की आम्ही एस. टी.तून उतरल्यावर तासभर चालून एक निवांत टेकडी शोधली. तेथे मी खुरप्याने वाळू उकरली. वरची वाळू भुरभुरीत, कोरडी ठणठणीत. टीचभर खाली गेलो तर बोटाला गारवा लागला. शेवटचा पाऊस होऊन चार महिने झाले असतील. वरचा सुटा थर खालच्या ओलीवर झाकण घालतो, ओल वर चढून उडून जात नाही. 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' असे आपण सांगतो त्याचे कारण हेच. वारा तिथे फुकट कोळपतो. फोगाचे झुडूप अशा वाळूत वर्षानुवर्षे उभे राहते ते याच ओलीवर.

आता ज्यासाठी गेलो त्या गोष्टीकडे येतो.

खडीन म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगायचे तर मुद्दाम केलेली गाळपेर. आपल्याकडे पाझर तलावाचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळात कोणी हरभरा, कोणी काकडी-टरबूज करतो, तसेच. फरक एवढा की येथे तलाव पिकासाठीच बांधलेला असतो. खडकाळ उताराच्या पायथ्याशी, जेथे पाणी आपोआप गोळा होते, तेथे आडवा मातीचा बांध घालतात. जास्तीचे पाणी जायला सांडवा ठेवतात. श्रावणात दोन-तीन मोठ्या सरी पडल्या की सगळ्या माळाचे पाणी, माती आणि शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या धुऊन खाली येतात. पाणी महिना-दोन महिने उभे राहते, मुरते. पेरणीपर्यंत उरलेच तर मोरी उघडून सोडतात. मग त्या ओलीवर गहू, हरभरा, मोहरी. पुढे पाण्याची पाळी नाही. आपला मंगळवेढ्याचा शाळू ओलीवर येतो, तोच न्याय. पण मंगळवेढ्याला काळी माती खोल आहे. येथे माती पिढ्यान्पिढ्या बांधाने अडवून जमवलेली आहे.

ही पद्धत पंधराव्या शतकाच्या सुमारास पालीवाल ब्राह्मणांनी जैसलमेर भागात वाढवली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस त्यांनी गावे सोडली. दिवाणाच्या जाचामुळे एका रात्रीत गेले असे लोक सांगतात; पाणी आटले असेही कोणी सांगतो. कुलधराची ओस घरे पाहायला आता तिकीट आहे. त्यांचे बांध मात्र पुष्कळ ठिकाणी अजून राबते आहेत.

अशाच एका खडिनीवर आम्ही दुपारी पोचलो. चहूकडे पिवळा दगड आणि मध्ये हिरवागार हरभरा, घाट्यांनी लगडलेला. सत्तरीचे एक बाबा बांधावर बसले होते. मी खेडूत माणूस आणि शेतीखात्यातला आहे म्हटल्यावर त्यांनी प्रथम ताक दिले, मग शेत दाखवले. खुरप्याने वीतभर खणले, माती मुठीत दाबली, लाडू झाला. सप्टेंबरनंतर पावसाचा थेंब नाही आणि जानेवारीअखेर ही ओल! खते कोणती देता, विचारले तर बाबांनी वर माळाकडे बोट केले.

"खत तिकडून, पाणी तिकडून. शेत इथं दिसतं साब, पण असतं तिकडं."

मी हिशोब विचारला. एक बिघा खडीन भिजायला साधारण पंधरा बिघे माळ लागतो. बाबांची जमीन वीस बिघे. म्हणजे वरचा तीनशे बिघे आगोर त्यांच्या हरभऱ्यासाठी राबतो. तो त्यांच्या नावावर नाही, कोणाच्याच नाही. गावची गुरे त्यावर चरतात, वाडवडिलांपासून तेथे नांगर घालायचा नाही हा रिवाज. सरकारी दप्तरात त्याची नोंद पडीक अशी.

आणि घोर तोच लागलेला. पडीक म्हणून नोंद असलेली जमीन सौरऊर्जेच्या एका कंपनीला देण्याचे चालले आहे, असे त्यांचा मुलगा सांगत होता. कुंपण पडले, रस्ते झाले, सपाटी झाली की पाणी वाट बदलणार. "आमच्या शेताला कोणी हात लावणार नाही, पैसे देऊ केले तरी आम्ही नको म्हणू. पण वरचं गेलं तर हे राहून काय करायचं?" मुलगा तिशीचा, शिकलेला. वीज हवी हे त्यालाही कळते; त्याच्या घरावर सौर दिवा आहे. कुंपण घालायला हाच माळ का, एवढेच त्याचे म्हणणे.

मी गप्प होतो. आपल्या सात-बारावर पोटखराबा लिहिलेला असतो. गायरानाला, माळाला आपणही रिकामी जागा म्हणतो. विहिरीचे पाणी कुठल्या माळावरून मुरून येते ते उताऱ्यात लिहायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सुदासरीला गेलो. मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाचा तो भाग. सेवण गवताच्या कुरणात लांबवर दोन गोडावण चालताना दिसले. गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरकडच्या वाचकांना नान्नजचे अभयारण्य ठाऊक असेल, ते याच पक्ष्यासाठी १९७९ मध्ये झाले. आता आपल्या माळावर माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. जगात उरलेले दीडशेच्याही आत, आणि त्यांतले बहुतेक या जिल्ह्यात. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. पक्षी जड, समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे उंच विजेच्या तारांवर आपटून मरतो. तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला होता. २०२४ मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. पक्ष्याला काय, खडिनीला काय, हवा आहे तो तोच मोकळा माळ.

इंदिरा गांधी कालव्याने जिल्ह्याच्या काही भागात पाणी आले हेही सांगितले पाहिजे. आम्ही त्या बाजूच्या शेतात जिरे, इसबगोल, मोहरी पाहिली. घरे पक्की, पोरे तुकतुकीत. पण वरच्या बाजूला, हनुमानगढकडे, अती पाण्याने जमिनी चिबडून खारवल्या. आपल्या कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात झाले तेच. आणि २०२४ च्या डिसेंबरात मोहनगढजवळ एका शेतात नळकूप खोदताना साडेआठशे फुटांवरून पाणी असे उसळले की यंत्र आणि ट्रक जमिनीत गडप झाले. दोन दिवसांहून अधिक काळ फवारा चालला. बघायला जत्रा लोटली होती म्हणे. बाबांनी ती हकिकत सांगितली आणि विचारले, तुमच्याकडे किती खोल जाता? मी खरे ते सांगितले. आमच्या गावात आता आठशे फुटांवर जातात, आणि धूळ निघते. ते काही बोलले नाहीत. सुनेला हाक मारून आमच्या सॅकमध्ये हरभऱ्याचे डहाळे भरायला सांगितले.

निघण्यापूर्वी मुलाने तहसीलला द्यायचा अर्ज दाखवला. आगोराची नोंद पडीक न ठेवता पाणलोट म्हणून व्हावी, अशी मागणी. गावातल्या ४० जणांच्या सह्या आणि अंगठे. जमिनीचा उतार, पाण्याची वाट आणि खडिनींच्या जागा दाखवणारा कच्चा नकाशा जोडा, असे मी सुचवले. पुतण्याने मोबाइलवरून उंची घेतल्या, मी कागदावर आखणी केली. रात्री कंदील धरून तिघांनी नकाशा पुरा केला.

परवा त्या मुलाचा फोन आला होता. हरभरा चांगला उतरला, पोती घरात आली. अर्ज दाखल झाला आहे; पहिली तारीख पडली होती ती पुढे ढकलली. माळावर मोजणीवाले एकदा येऊन गेले, खुंट्या मारल्या आहेत. पुतण्या म्हणतो, पावसाळ्यात पाणी उतरताना पुन्हा जाऊन फोटो काढून देऊ या. रजा शिल्लक आहे.