चेंडू ऐकत नाही

लगोरीत उतरंड रचणाऱ्याला शाबासकी मिळते, पण भिडू निवडताना पहिलं नाव येतं ते फोडणाऱ्याचं. प्रत्येक गल्लीत असा एखादा पोरगा असतोच. एक डोळा बारीक करतो, हात मागे नेतो आणि फरशीचे तुकडे गडगडतात. कसं जमतं म्हणून विचारलं तर त्याला सांगता येत नाही. "मारायचा की सरळ!" एवढंच उत्तर मिळतं. आता हे "मारायचा की सरळ" एखाद्या यंत्राला शिकवायचं म्हटलं तर?

2022 साली हा प्रश्न आशियातल्या इंजिनीअरिंगच्या मुलांपुढे नियमपुस्तिकेसकट ठेवला गेला. त्या वर्षीची एबीयू रोबोकॉन दिल्लीत होती आणि यजमान म्हणून आपण खेळ दिला होता लगोरीचा. एका रोबोने चेंडू मारून उतरंड पाडायची, त्याच्याच जोडीदाराने ती परत रचायची, आणि रचणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलेला चेंडू समोरच्या संघाने चेंडू फेकूनच उडवायचा. चकत्या मात्र सातऐवजी पाच. रोबोंना तेवढी सवलत. पाठीत सणसणीत चेंडू खाऊन बाद होण्याचा अनुभव डोक्यावरच्या चेंडूवर भागवला, हे मात्र मला जरा सौम्यच वाटलं.

रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेची स्पर्धा. 2002 साली टोकियोत ती सुरू झाली. यजमान देशाने आपला एखादा खेळ किंवा सण काढायचा आणि तो रोबोंसाठी बेतायचा, अशी रीत आहे. पुण्यात ती 2008 आणि 2014 अशी दोनदा झाली. 2008 ला अर्थातच दहीहंडी होती. देशातली फेरीही कित्येक वर्षं बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरत असे. टीव्हीवाल्यांची स्पर्धा म्हणून असेल, पण फेकाफेकीचा मोह तिथे पुन्हा पुन्हा होतो. 2018 ला व्हिएतनामने शेपटीवाला कापडी चेंडू कड्यातून पार करण्याचा आपल्या सणातला खेळ दिला, 2021 ला चीनने घड्यात बाण टाकण्याचा, 2023 ला कंबोडियाने खांबांवर कडी टाकण्याचा. 2025 ला मंगोलियाने आडपडदा न ठेवता बास्केटबॉलच दिला. हवेत उडालेली वस्तू पडद्यावर छान दिसते. प्रेक्षकाचा श्वास अडकतो तो तेवढ्याच सेकंदाला.

फेकणं तसं फार जुनं काम. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला वर्तुळाकार गतीचं गणित कुणी शिकवलेलं नसतं. तरी दोरीचं एक टोक नेमक्या कोणत्या क्षणी सोडायचं हे त्याच्या मनगटाला ठाऊक असतं. रोबोचा फेकता हात ही गोफणच. शेपटीवाल्या चेंडूच्या वर्षी त्याच्यावाचून तरणोपाय नव्हता, कारण फेकणारं चाक वापरलं तर शेपूट त्यात गुंतायचं. पण सोडण्याचा क्षण इथे जीव खातो. साठ सेंटिमीटरचा हात चेंडूला सेकंदाला 8 मीटरचा वेग देत असेल, तर तो सेकंदाला साडेसातशे अंशांहून जास्त वेगाने फिरतो. चिमटा उघडायला सेकंदाचा दोनशेवा भाग उशीर झाला, की दिशा जवळपास 4 अंशांनी बदलली. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. शेतकऱ्याला पाखरं उडवायची असतात. दगड जवळपास पडला तरी काम भागतं. रोबोला तसं भागवून घेता येत नाही.

दुसरा मार्ग हवेचा. रोबोकॉनच्या वर्कशॉपमध्ये गेलात तर रोबोच्या पोटात कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या एकमेकींना जोडून ठेवलेल्या दिसतील. आळशी पोरांनी कचरा तसाच ठेवला असं वाटेल. त्या आहेत दाबाखालच्या हवेच्या टाक्या. शीतपेयाच्या वायूचा दाब सोसण्यासाठीच ती बाटली घडवलेली असते, वजनाला नगण्य आणि किमतीला फुकट. त्या हवेवर सिलिंडर धाडकन पुढे येतो आणि चेंडूला ढकलतो. आवाज ऐकून मन प्रसन्न होतं. पण पहिल्या फेकीनंतर बाटलीतली हवा कमी झालेली असते, दाब उतरलेला असतो आणि दुसरी फेक पहिलीची सख्खी बहीण राहत नाही, चुलत होते. मग दाब कायम ठेवणारं रेग्युलेटर आलं, दोन फेकींमध्ये थांबणं आलं.

म्हणून ज्या खेळात एकामागून एक पुष्कळ चेंडू फेकायचे असतात, तिथे शेवटी सगळे चाकावर येतात. नेट्समध्ये क्रिकेटचं बोलिंग मशीन असतं, तीच जात. दोन फिरत्या चाकांच्या फटीत चेंडू सोडायचा. किंवा एकच चाक ठेवायचं आणि समोर वाकवलेला स्थिर पत्रा. या दुसऱ्या प्रकारात एक गंमत आहे. चेंडू पत्र्यावरून लोळत जातो, त्यामुळे त्याचा वेग चाकाच्या कडेच्या वेगाच्या निम्माच भरतो. उरलेलं फिरकीत जातं. निम्मा वेग गमावला म्हणून नवखी मुलं हळहळतात. पण ही उलटी फिरकी चेंडूला हवेत थोडं उचलून धरते आणि फळीवर आदळल्यावर खाली, जाळीकडे वळवते. बास्केटबॉल खेळणारा बोटांच्या टोकांनी नेमकी हीच फिरकी देतो.

इथे थोडं गणित करू या. आकडे पाहिल्याशिवाय या कामातली खोच कळत नाही. खरी बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून 3.05 मीटर उंच, आतून 45 सेंटिमीटर रुंद. चेंडू साधारण 24 सेंटिमीटरचा. समजा रोबो रिंगपासून 4 मीटर दूर आहे आणि चेंडू 1 मीटर उंचीवरून सुटतो. हवेचा अडथळा सोडून दिला तर कमीत कमी किती वेगात तो रिंगपर्यंत पोहोचेल? उत्तर येतं सेकंदाला 8 मीटर, कोन सुमारे 59 अंश. काटकसरी माणूस इथेच खूश होईल आणि तेवढ्याच ताकदीची मोटार घेईल. पण असा चेंडू रिंगपाशी फक्त 31 अंशांनी उतरतो, आणि त्या तिरप्या वाटेवरून पाहिलं तर 45 सेंटिमीटरची रिंग 24 सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. सगळ्यात स्वस्त फेक रिंगला घासल्याशिवाय आत जाऊच शकत नाही! आता कोन 65 अंश करा आणि वेग 8.2. चेंडू 48 अंशांनी उतरतो आणि त्याला रिंग साडेतेहतीस सेंटिमीटरची दिसते. वेगात जेमतेम अडीच टक्के भर टाकून दार दहा सेंटिमीटर रुंद करून मिळालं. इतका फायद्याचा सौदा या धंद्यात दुसरा नाही.

पण याच फेकीत वेग एक टक्का वाढला तर चेंडू 12 सेंटिमीटर पुढे जातो, आणि न घासता आत जायला मोकळीक आहे दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंटिमीटरची. म्हणजे वेग अर्ध्या टक्क्याच्या आत सांभाळायचा. पंधरा सेंटिमीटरचं चाक मिनिटाला दोन हजारांच्या वर फेरे घेत असेल, तर त्यात दहा फेरे कमी-जास्त झालेले चालतील. जोर स्वस्त आहे. तपकीर गल्लीत नाहीतर लॅमिंग्टन रोडवर पैसे मोजले की मोटार मिळते. दर वेळी तोच जोर मिळणं, ते मात्र दुकानात मिळत नाही.

चाकाचं दुखणं असं, की प्रत्येक चेंडू जाताना त्याच्याकडून काहीतरी घेऊन जातो. सहाशे ग्रॅमचा बास्केटबॉल या वेगाने निघाला की वीस ज्यूल ऊर्जा गेली. चाकांत शंभर ज्यूल साठवले असतील तर वेग दहा टक्क्यांहून जास्त पडतो, आणि लगोलग सोडलेला दुसरा चेंडू रिंगच्या सव्वा मीटर अलीकडे ढेपाळतो. उपाय दोन. मोटार जोरकस घ्यायची, म्हणजे पडलेला वेग झटकन भरून निघेल. नाहीतर चाकाला जड चकत्या बोल्ट करायच्या. कुंभाराचं चाक जड का असतं, तर मातीला हात लावला तरी ते दचकत नाही, तसं. पण जड चाक वेग घ्यायलाही वेळ लावतं आणि रोबोच्या वजनाला मर्यादा असते. मग संघात भांडणं होतात. मेकॅनिकलची मुलं म्हणतात प्रोग्रॅम सुधारा, प्रोग्रॅमिंगची म्हणतात बेअरिंग बदला. माझं मत मेकॅनिकलच्या विरोधात जातं. डगडगणारा शाफ्ट कुठल्याही प्रोग्रॅमने सरळ होत नाही.

हे सगळं जमलं, चाक ठाम झालं, कोन पक्का झाला, तरी एक भाग उरतो जो संघाने घडवलेलाच नाही. तो म्हणजे चेंडू. अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत फोमचे चेंडू बऱ्याचदा असतात. नवा चेंडू गुळगुळीत आणि ताठ. शेकडो वेळा चाकाखालून गेलेला चेंडू मऊ, खरबरीत, एका बाजूला टवका उडालेला. चाक आणि पत्रा यांच्या फटीत तो किती दाबला जातो, त्यावर पकड ठरते आणि पकडीवर वेग. पत्र्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर फोमचा भुगा हाताला लागतो. त्या भुग्यानेही घसरण बदलते. शहाणे संघ सरावाच्या चेंडूंवर मार्करने आकडे घालतात आणि कोणत्या नंबरचा चेंडू कुठे पडला ते लिहून ठेवतात. मग लक्षात येतं, की चार नंबर नेहमीच आखूड पडतो आणि त्यात रोबोची काहीच चूक नाही. मला या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोठं शहाणपण इथे दिसतं. यंत्राला दोष देण्याआधी चेंडू ओळखायला हवा. बोलिंग मशीनवाल्यांनी हे कधीच ताडलं होतं. शिवणीचा लेदर बॉल चाकांत दर वेळी वेगळा पकडला जातो, म्हणून त्यांनी बिनशिवणीचा, खळ्याखळ्यांचा प्लास्टिकचा चेंडू काढला. यंत्र सुधारून जिथे दमले तिथे चेंडूच बदलला. स्पर्धेतल्या मुलांना ती मुभा नसते.

बोलिंग मशीनवरून एक आठवलं. बेसबॉल फेकणारं यंत्र 1897 साली चार्ल्स हॉवर्ड हिंटन नावाच्या गणितज्ञाने प्रिन्स्टनच्या संघासाठी बनवलं, आणि ते चालायचं चक्क बंदुकीच्या दारूवर. चौथ्या मितीवर पुस्तकं लिहिणारा, चार मितींच्या घनाला 'टेसरॅक्ट' हे नाव देणारा हा माणूस. फलंदाज सरावाला उभा आणि समोरून तोफेसारखा स्फोट! त्या खेळाडूंनी काय म्हटलं असेल याची कल्पना करवते. फिरकीने चेंडू हवेत वळतो का, याची उत्सुकता त्या यंत्राहून जुनी आहे. न्यूटनने 1672 साली छापलेल्या प्रकाशावरच्या पत्रात टेनिसचा तिरका मारलेला चेंडू वळण घेतो हे नोंदवलं होतं. आज त्याला मॅग्नस परिणाम म्हणतात. हाइनरिश मॅग्नसने त्यावर प्रयोग केले ते 1852 च्या सुमारास, आणि त्याच्या डोळ्यांपुढे होते तोफगोळे. मुलांच्या फोमच्या चेंडूमागे अशी दारूगोळ्याची परंपरा आहे, हे त्यांच्या आयांना न सांगितलेलंच बरं.

फर्स्ट ही संस्था डीन केमन यांनी 1989 मध्ये काढली. पहिली स्पर्धा 1992 साली न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये 28 संघांत झाली. 2006 च्या खेळात चेंडू उंच गोलात मारायचे होते, तेव्हा सुटणाऱ्या चेंडूच्या वेगाला सेकंदाला 12 मीटरची मर्यादा घालावी लागली होती. जोर किती सहज मिळतो याचा हा पुरावाच. तिथल्या मुलांना चाकं, गिअरबॉक्स, मोटारी कॅटलॉगमधून तयार मागवता येतात. आपल्याकडची मुलं अजूनही बरंचसं लेथवर उतरवून घेतात, भोसरीत कुणाच्या तरी ओळखीच्या शेडमध्ये रात्री उशिरा. यात मिरवण्यासारखं काही नाही. त्या रात्री सरावाला मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

या मुलांच्या वहीचा मात्र मला हेवा वाटतो. फेक क्रमांक, चेंडू क्रमांक, चाकाचे फेरे, बॅटरीचा व्होल्टेज, कोन, आणि शेवटच्या रकान्यात "आत", "बाहेर", "घासून आत". पानाच्या कडेला चहाचा डाग आणि एखाद्या ओळीपुढे तीन उद्गारचिन्हं. गल्लीतल्या त्या पोराला जे सांगता यायचं नाही ते इथे रकान्या-रकान्यांत उतरलेलं असतं. स्पर्धा संपली की पुढच्या वर्षी खेळ बदलतो, रोबो सुटा केला जातो, मोटारी आणि बेअरिंगं नव्या संघाकडे जातात, सांगाडा भंगारात जातो आणि वही चौथ्या वर्षाच्या मुलाबरोबर घरी जाऊन रद्दीत. पुढचे ज्युनिअर पुन्हा पहिल्यापासून चेंडू आखूड का पडतो याचा शोध लावतात.

कॉलेजांच्या प्राचार्यांना आणि वर्कशॉपच्या सरांना म्हणून एक विनंती आहे. मोटारी खुशाल काढून घ्या, त्या महाग असतात. पण फेकणारा सांगाडा भंगारात देऊ नका, वर्कशॉपच्या कोपऱ्यात त्याला जागा करून द्या. त्या वहीची एक झेरॉक्स लायब्ररीत ठेवा. आणि नंबर घातलेला एखादा झिजलेला चेंडूही तिच्यासोबत राहू द्या.