सहस्रकुंडहून परतल्यावर

किनवट सोडून इस्लापूरच्या रस्त्याला लागलं की सागाचं रान सुरू होतं. डिसेंबरात खाली पडलेली पानं गाडीच्या चाकाखाली पापडासारखी वाजतात. पुढे पैनगंगा काळ्या खडकावरून खाली झेपावते, तेच सहस्रकुंड. पावसाळ्यात, त्यातून वर इसापूर धरणाचे दरवाजे उघडले असतील तर, शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. हिवाळ्यात मात्र पाणी इतकं शांत असतं की धारा मोजता येतात. अलीकडचा काठ मराठवाड्याचा, पलीकडचा विदर्भाचा. आमच्या आठवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "आपा, बीच का पानी कौनसे जिल्हे का?" भूगोलाच्या तासाला असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मी किनवटच्या एका उर्दू शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी गाइडच्या मुलींना घेऊन आम्ही पहिल्यांदा मुक्कामी गेलो. अभयारण्यात नाही, तर धबधब्यापासून थोड्या अंतरावरच्या गावात, तिथल्या शाळेच्या मैदानावर. एका रात्रीचा मुक्काम, पण त्यासाठी मला महिनाभर घरोघरी फिरावं लागलं. मुली रात्री बाहेर राहणार, तेही तंबूत! एका घरी वडील ऐकायलाच तयार नव्हते. कोपऱ्यात तसबीह घेऊन बसलेल्या दादी मध्येच म्हणाल्या, "मिना में हम तंबू में च थे ना. क्या हुआ?" त्या हजला जाऊन आलेल्या. वडील गप्प झाले आणि मुलीचं नाव यादीत आलं.

मिनाचे तंबू आपल्या बहुतेक घरांनी निदान फोटोत तरी पाहिलेले असतात. पूर्वी तेही साध्या कापडाचे असत. 1997 साली तिथे आग लागून तीनशेहून अधिक हाजी मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचे, सहज पेट न घेणारे कायमचे तंबू उभारले गेले. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. शाळेच्या दोन जुन्या सुती छोलदाऱ्या होत्या, आणि मुलींनी व पालकांनी वर्गणी काढून घेतलेले तीन नायलॉनचे घुमटासारखे तंबू.

ती रात्र छान गेली. मुलींनी खिचडी रांधली, इशानंतर गाणी म्हटली, आणि बारापर्यंत कुणी झोपलं नाही. फजरला उठून बाहेर आलो तर नदीवर धुकं आणि तंबूंवरून दवाचं पाणी ठिबकत होतं. मी पालकांना शब्द दिला होता की मगरिबच्या आत प्रत्येक मुलगी आपापल्या घरात असेल. धबधबा पाहायचा होता, जेवण उरकायचं होतं, गाडीवाला घाई करत होता. तंबू तसेच गुंडाळले, पिशव्यांत कोंबले. मुली वेळेवर घरी पोहोचल्या. तंबू शाळेच्या कोठीत गेले. मग चाचणी परीक्षा आली, निकाल आले, उन्हाळा आला. तंबू मी विसरले.

पुढच्या नोव्हेंबरात कोठी उघडली. दाराशीच कुबट वास आला. सुती छोलदाऱ्यांवर काळे ठिपके होते, आणि शिवणीला हात लावला तर कापड ओल्या कागदासारखं फाटत गेलं. नायलॉनचे तंबू वरून बरे दिसले, पण आतला जलरोधक लेप चिकट होऊन घडीला घडी चिकटली होती. ओढल्यावर त्याच्या साली निघाल्या. एका पिशवीत बिस्किटांचा चुरा राहिला होता, तिथे उंदरांनी भोकं पाडली होती.

त्या वर्षी मुक्काम झाला नाही. आठवीच्या ज्या मुली वर्षभर वाट पाहत होत्या, त्यांना मी वर्गात उभं राहून सांगितलं की तंबू खराब झाले. का खराब झाले, तेही सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आपा, गीले थे तो हमारे घर देते. छत पे सुखा देते थे ना हम." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तिच्या वडिलांचं काम नांदेडला लागलं आणि पुढच्या वर्षी ती शाळा सोडून गेली. तिचा मुक्काम राहिला तो राहिलाच.

मला हे माहीत नव्हतं असंही नाही. माझे नाना फर्राश होते. 1956 पर्यंत किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेव्हा साहेब लोक दौऱ्यावर निघाले की त्यांच्या आधी एक मुक्काम पुढे फर्राश जात. खेमा उभारायचा, कनाती लावायच्या, मेखा ठोकायच्या, आणि साहेब गेल्यावर सगळं आवरायचं. नाना म्हणायचे, "गीला तंबू और उधार का पैसा रात भर नै रखना." लहानपणी हे वाक्य आम्हाला गमतीचं वाटायचं. सूरह नह्लमध्ये प्रवासाच्या दिवशी हलक्या वाटणाऱ्या कातडी घरांचा उल्लेख अल्लाहची नेअमत म्हणून आला आहे. नेअमत म्हटली की तिची राखण आलीच. शिवाय आमचे तंबू वर्गणीचे, म्हणजे अमानतच.

मागच्या वर्षी पुन्हा वर्गणी केली. डिसेंबरात नवे तंबू घेऊन आम्ही त्याच मैदानावर गेलो. या वेळी परतण्याआधीचं आणि परतल्यानंतरचं काम मुलींच्या हाती दिलं. ज्यांच्या घरी मुलं सहलीला जातात किंवा शेतावर, लग्नकार्यात पाल-ताडपत्री वापरली जाते, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

पाऊस पडला नाही म्हणजे तंबू कोरडा आहे असं समजू नये. बाहेरून दव पडतं आणि आत झोपलेल्यांच्या श्वासाची वाफ कापडाला धरते. तळाचं कापड जमिनीची ओल घेतं. म्हणून मुक्कामावरच तंबू रिकामा करून झटकायचा, तळ उलटा करून जमेल तितका वाळवायचा, आणि खिसे तपासायचे. खाण्याचा कणही राहू द्यायचा नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी पिशवी उघडायची. ओल्या कापडाला दोन-तीन दिवसांतही बुरशी धरू शकते. चिखल ओला असताना चोळला तर तो कापडात मुरतो. तो वाळू द्यावा आणि मऊ ब्रशने झाडावा. मग साधं किंवा जेमतेम कोमट पाणी, सौम्य साबण आणि स्पंज. कपड्यांची पावडर, ब्लीच, गरम पाणी आणि वॉशिंग मशीन यांनी पाणी अडवणारा लेप निघून जातो. साबणाचा अंश राहणार नाही असं दोनदा स्वच्छ पाण्याने पुसावं. झिपच्या दातांत अडकलेली रेती जुन्या टूथब्रशने काढावी, नाहीतर झिप तिथेच बिघडते. बुरशीचे ठिपके दिसलेच तर कापड आधी वाळवून झाडावं, मग पाण्यात थोडा सिरका घालून पुसावं. डाग कदाचित राहील, वास जाईल. सागाच्या कोवळ्या पानाचा लाल डाग मात्र सहसा सुटत नाही, त्यासाठी कापड घासून विरवू नये.

वाळवण्याची जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. नायलॉन, पॉलिस्टर कडक उन्हात दिवसेंदिवस ठेवलं तर कमकुवत होतं. सुती छोलदारीला थोडं ऊन चालतं. कापड वाळलं तरी शिवणी, कोपऱ्याच्या पट्ट्या आणि दोर ओले असतात. तळहाताला कळत नाही, गालाला लावून पाहावं. गार लागलं तर अजून एक दिवस. काठ्यांच्या आत रबरी दोरी असते, म्हणून त्या मधल्या जोडापासून दुमडाव्यात. लोखंडी मेखा पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. गंज कापडाला लागला की जात नाही.

शेवटी ठेवण्याचं. तंबू ज्या घट्ट पिशवीत मिळतो ती प्रवासासाठी असते. घरी तो सैल घडी करून सुती खोळीत ठेवावा, जुन्या चादरीची शिवलेली खोळ उत्तम. प्लास्टिकची पिशवी नको. पत्र्याच्या छताखाली, जमिनीवर किंवा भिंतीच्या ओलीशी नको. दर वेळी त्याच रेघेवर घडी घालू नये, तिथे लेप तडकतो. पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात एकदा उघडून वारा द्यावा.

हे सगळं आम्ही शाळेत केलं नाही. परतल्यावर एकेक तंबू पाच-पाच मुलींच्या गटाला दिला आणि त्यांच्यापैकी एकीच्या घरच्या गच्चीवर पाठवला. तिसऱ्या दिवशी असरच्या वेळेस मी पाहायला गेले. एका गच्चीवर शेवयांच्या दोरीवर तंबू टाकला होता आणि खाली अम्मी मुलींना ओरडत होत्या की दोर उलटा का टांगला. दुसऱ्या घरी मिनाला जाऊन आलेल्या त्याच दादी खाटेवर बसून शिवणी गालाला लावून पाहत होत्या. मला म्हणाल्या, "अभी नै. कोने गीले है." मी एक दिवस थांबले.

या ऑक्टोबरात खोळी उघडल्या. अलहम्दुलिल्लाह, एकही ठिपका नाही. डिसेंबरच्या यादीत सव्वीस नावं आहेत.