चार तळहात रबर आणि चेंबूरचा रस्ता

चेंबूरची ओळख जो तो आपापल्या परीने करून देतो. सिनेमाचा शौकीन राज कपूर यांच्या आर. के. स्टुडिओचे नाव घेतो. १९४८ साली स्थापन झालेला तो स्टुडिओ २०१९ साली विकला गेला, तरी बसमधला माणूस त्या वळणावर अजून मान वळवून पाहतोच. खवय्या सिंधी कॅम्पची वाट दाखवतो. कोणी माहुलकडच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे बोट करून नाकाला रुमाल लावतो. मोटार बाळगणाऱ्याला मात्र चेंबूर म्हणजे रस्त्यांचे गाव. शीव-पनवेलचा रस्ता इथूनच जातो. २०१३ साली दक्षिण मुंबईहून येणारा पूर्व मुक्त मार्ग इथे येऊन टेकला आणि पुढच्याच वर्षी सांताक्रूझहून निघालेला जोडरस्ता अमर महालपाशी येऊन मिळाला. एके काळी एका टोकाला पडलेले हे उपनगर असे चौरस्त्यावर येऊन बसले.

रस्ते आले तशा मोटारीही आल्या. रविवारी पहाटे मुक्त मार्गाच्या बाजूने फिरायला निघालेल्या माणसाला त्या आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. जमिनीला पोट टेकेल इतक्या बुटक्या, रुंद चाकांच्या, वाघासारख्या गुरगुरणाऱ्या! बघणारे किंमत विचारतात, पोरे वेग विचारतात. हिचे टायर किती दिवस टिकतात, असे विचारणारा मात्र विरळा. खरे तर त्या मोटारीचे सारे मर्म या एकाच प्रश्नात दडलेले आहे.

मोटार केवढीही मोठी असो, तिचा रस्त्याशी संबंध फक्त चार ठिकाणी येतो आणि प्रत्येक ठिकाणी रबराचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. वेग घेणे, वळणे, थांबणे हे सगळे त्या चार तळहातांवर! आपली कुटुंबवत्सल मोटार त्यांच्याकडून बेताचेच काम घेते, म्हणून तिचे टायर साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटर निमूटपणे चालतात. वेगवान मोटारीचे मागचे टायर दहा-पंधरा हजारांतच हात टेकतात. चालवणारा उतावळा असला तर त्याहूनही आधी.

याची कारणे तीन. पहिले म्हणजे रबरच मऊ. मऊ रबर खडीच्या बारीक खाचाखोचांत शिरून रस्ता धरून ठेवते, पण धरताना स्वतः सोलपटून निघते. अनेक टायरांच्या कडेवर ‘ट्रेडवेअर’ असे लिहून एक आकडा दिलेला असतो. घरगुती टायरावर तो चारशेच्या घरात किंवा वर असतो, वेगवान मोटारीच्या टायरावर दोनशे-तीनशे. आकडा लहान तेवढे आयुष्य थोडे. दुसरे कारण म्हणजे चाकांची ठेवण. वळणावर पकड मिळावी म्हणून अशा मोटारींची चाके वरच्या बाजूने किंचित आत कललेली ठेवतात. मग सरळ रस्त्यावर आतली कड जास्त घासते. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून गोटा झालेला असतो! तिसरे कारण ताकदीचे. कित्येक मोटारींत इंजिनाचा सगळा जोर मागच्या दोन चाकांवर येतो आणि ती पुढच्या चाकांपेक्षा रुंद असतात. त्यामुळे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून झीज वाटून घेण्याची आपली काटकसर तिथे चालत नाही.

या हिशेबाचे टोक पाहायचे असेल तर २००५ साली आलेली बुगाटी वेरॉन आठवावी. ताशी चारशे किलोमीटरच्या वर जाणारी ही मोटार पूर्ण वेगाने धावली तर टायर पंधरा मिनिटांत संपतील असे सांगत. पण काळजी नको, कारण टाकीतले पेट्रोल बारा मिनिटांतच संपेल!

चेंबूरमध्ये टायरचा शत्रू निराळाच आहे. इथे चारशेचा वेग स्वप्नातही नाही. इथे आहेत खड्डे आणि गतिरोधक. वेगवान मोटारीच्या टायरची कड बुटकी असते. खड्ड्यात चाक आदळले की लोखंड आणि रस्ता यांच्यामध्ये ती चिमटते, आतले धागे तुटतात आणि कडेला फुगा येतो. असा टायर खाचा शाबूत असूनही बाद. शिवाय पावसाळ्यात पोस्टल कॉलनीच्या बाजूला पाणी तुंबते तेव्हा रुंद टायरची रुंदीच त्याच्यावर उलटते. खाचांतून पाणी बाहेर गेले नाही तर तो पाण्यावर तरंगू लागतो. अशा वेळी पायाखाली ब्रेक असतो, पण चाकाखाली रस्ता नसतो.

आणि शेवटचा शत्रू म्हणजे नुसते उभे राहणे. इमारतीच्या तळाशी कापडी खोळ घालून ठेवलेल्या मोटारी आपण पाहतो. मालक म्हणतो, “पाच वर्षांत पाच हजारसुद्धा चालली नाही, टायर अगदी नवे!” ते नवे नसतात. हवेतला ओझोन रबराला तडे पाडतो. त्यापासून रक्षण करणारे मेण आणि रसायने रबरात घातलेली असतात, पण चाक फिरत राहिले तरच ती पृष्ठभागावर नीट येत राहतात. थांबला तो संपला, ही म्हण टायरलाही लागू पडते. टायरच्या कडेवर त्याची जन्मतारीखही असते. शेवटचे चार अंक २३२१ असतील तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा झाली की खाचा कशाही असोत, निरोप द्यावा, असे अनेक कारखानदारच सांगतात.

झिजलेले रबर जाते कुठे, हाही प्रश्न आहे. एक टायर आपल्या आयुष्यात साधारण किलो-दीड किलो रबर रस्त्यावर सांडतो. मोटार जड आणि चालवणारा धसमुसळा, तेवढी ही धूळ अधिक. पावसात ती गटारातून खाडीकडे जाते. टायरला ओझोनपासून वाचवणाऱ्या एका रसायनापासून बनणारा पदार्थ अमेरिकेत सॅमन माशांच्या एका जातीला मारक ठरतो, असे तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली दाखवून दिले. माहुलच्या खाडीवर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. वेगाची हौस एकाची आणि धूळ सगळ्यांची, हे त्यांच्याकडे पाहताना विसरू नये.

म्हणून काय टायर झिजूच नये? तसे नव्हे. चंदन झिजते तेव्हा सुगंध देते, टायर झिजतो तेव्हा पकड देतो. मुळीच न झिजणारा टायर म्हणजे रस्ता न धरणारा टायर. झिजणे हेच त्याचे काम आहे. ते कधी पुरे झाले हे ओळखणे मात्र आपले काम. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरची पाठ झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली आणि टायरने आपली सेवा संपवली. समृद्धी महामार्गावर २०२३ साली परिवहन खात्याने टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरांच्या मोटारी परत फिरवल्या, तेव्हा लोक कुरकुरले. पण ताशी १२० च्या वेगात, तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटला तर कुरकुरायलाही कोणी उरत नाही.

दिवाळीची सुट्टी आली. फराळाचे डबे भरले जातील, पोरे खिडकीच्या जागेवरून भांडतील आणि चेंबूर नाक्यावरून मोटारी कोणी कोकणाकडे, कोणी घाटाकडे निघतील. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा मोजावी, खाली वाकून आतल्या कडेवरून हात फिरवावा, तारखेचे चार अंक वाचावेत. पाच मिनिटांचे काम आहे. घरातली सगळी माणसे त्या चार तळहातांवर बसून जाणार असतात.